डाउनशायर हिलच्या मिलरबाई

कॅमडेनमध्ये येणारी आपली पाहुणेमंडळी किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर आवर्जून पाहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली तेथे राहिले. याच कॅमेडनमध्ये, हॅम्पस्टेडच्या बाजूला, डाउनशायर हिल नावाचा रस्ता आहे. तेथील २१ क्रमांकाच्या घरावर निळी पाटी आहे आणि तिच्यावर दोन नावे आहेत: छायाचित्रकार ली मिलर व त्यांचे पती, अतिवास्तववादी चित्रकार सर रोलंड पेनरोज. या मिलरबाईंची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

बाईंचा जन्म १९०७ सालचा, अमेरिकेतील पोकिप्सी गावचा. वडिलांना कॅमेऱ्याचा नाद होता. वयाच्या विसाव्या वर्षी ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. परंतु दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यात त्यांचे मन रमेना. १९२९ साली त्यांनी पॅरिस गाठले आणि मॅन रे या नामवंत कलावंताकडे त्या शिकू लागल्या. एकदा डार्करूममध्ये पायावरून काहीतरी पळाले, म्हणून दचकून त्यांनी दिवा लावला. काचा वाया गेल्या असे वाटले, पण चित्रातील आकृतीभोवती काळी रेघ उमटली होती. त्या चुकीचीच दोघांनी पुढे कला केली.

१९३४ साली एका इजिप्शियन गृहस्थाशी विवाह करून त्या कैरोला गेल्या. फाटकी जाळी, तीत अडकवलेली छोटी चौकट आणि पलीकडे अफाट वाळवंट, हे त्यांचे गाजलेले चित्र १९३७ सालचे. त्याच वर्षी पेनरोज भेटले आणि १९३९ साली बाई डाउनशायर हिलला राहायला आल्या. या घराची तऱ्हाच न्यारी होती. पेनरोज यांनी हेन्री मूरचे आई व मुलाचे दगडी शिल्प पुढच्या बागेत उभे केले, तेव्हा शेजाऱ्यांनी केवढा गहजब केला होता!

महायुद्ध सुरू झाले. मायदेशी परतण्याचा सल्ला बाईंनी मानला नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि कलावंतांनी कल्पनेने रचावीत अशी दृश्ये रस्त्यावरच दिसू लागली. कॅमडेन टाउनमधील एका प्रार्थनामंदिराच्या दारातून विटांचा लोंढा बाहेर आलेला. एक टाइपरायटर चेंगरून पडलेला. जमिनीवर टेकलेल्या प्रचंड फुग्यापुढे दोन हंस ऐटीत उभे, जणू ते अंडे त्यांनीच घातले! डाउनशायर हिलवर आगीपासून बचावाचे मुखवटे घालून बसलेल्या दोन स्त्रियाही त्यांनी टिपल्या. पाहताना हसू येते आणि लगेच ते ओठांवरच थिजते. भेदरलेल्या शहराला बाईंचा हा मिस्कीलपणा मोठा आधार होता, असे आम्हांला वाटते.

१९४४ साली त्या युद्धवार्ताहर म्हणून अमेरिकन सैन्यामागोमाग फ्रान्समध्ये उतरल्या. एप्रिल १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत पोहोचल्यावर मात्र गंमत संपली. तेथे त्यांनी जे दिसले ते सरळ टिपले. नंतर म्युनिकमध्ये हिटलरच्याच न्हाणीघरात त्यांनी स्नान केले. त्या प्रसंगाचे सहकारी डेव्हिड शेरमन यांनी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. टबापुढच्या पायपुसण्यावर त्यांचे डाखाऊच्या चिखलाने माखलेले बूट दिसतात.

तो चिखल मनावरून कधीच धुतला गेला नाही. १९४७ साली पेनरोज यांच्याशी विवाह झाला, मुलगा झाला, ससेक्समध्ये शेतघर घेतले. पण खिन्नता आणि मद्य यांनी बाईंना घेरले. कॅमेरा मागे पडला. त्या पाककलेत रमल्या आणि युद्धातल्या कामाविषयी बोलेनाशा झाल्या. १९७७ साली त्या वारल्या. त्यानंतर सुनेला माळ्यावर खोकी सापडली. त्यांत सुमारे ६०,००० निगेटिव्ह, छायाचित्रे आणि कागदपत्रे होती! आपली आई कोण होती, हे मुलाला तेव्हा कळले, आणि त्याने १९८५ साली तिचे चरित्र लिहिले.

वाचकहो, डाउनशायर हिलवर गेलात तर त्या पाटीपुढे क्षणभर थांबा. आणि घरी आल्यावर माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. सांगणारे माणूस हयात आहे तोवर विचारून घेतलेले बरे.