अर्ध्या इंचाची किमया

खेळणी विकणाऱ्यांची नावे आपल्या लक्षात राहतात, ती शोधून काढणाऱ्यांची सहसा राहत नाहीत. ‘मेकॅनो’ हा शब्दच घ्या. भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, नट, बोल्ट आणि पितळी चाके भरलेला तो खोका मराठी मध्यमवर्गीय घरांना चांगला परिचयाचा. मुलाने पाना हातात घेतला की हा पुढे इंजिनीअर होणार, असे भाकीत आजी-आजोबांनी केलेच म्हणून समजा. पण हे खेळणे सुचले कोणाला, असे विचारले तर शंभरातले नव्वद जण गप्प बसतील.

त्या माणसाचे नाव फ्रँक हॉर्नबी. छोट्या मोटारी आणि आगगाड्या जमवणाऱ्या आम्हा छांदिष्टांना ते पाठ असते. मी नंदुरबारला राहतो आणि मोटारींच्या लहान प्रतिकृती जोडतो. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले शे-दीडशे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, डिंकासारख्या खास द्रावणाने जोडायचे आणि तयार झालेली वीतभर गाडी काचेच्या कपाटात ठेवायची. घरच्यांच्या मते हे शुद्ध वेड आहे. या वेडाचा उगम शोधत मागे मागे गेले की माणूस लिव्हरपूलच्या एका हिशेबनिसाच्या घरापाशी येऊन थांबतो. हॉर्नबी तो हाच.

त्याचा जन्म १५ मे १८६३ चा, लिव्हरपूलमधला. वडील किराणा आणि खाद्यपदार्थांचे व्यापारी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून फ्रँक वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसला. इंजिनीअरिंगचे शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. १८८७ मध्ये लग्न झाले, रोलंड आणि डग्लस हे मुलगे झाले. १८९९ मध्ये वडील वारले, पेढी बंद पडली आणि छत्तिशीतला हा गृहस्थ डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहू लागला. दिवसभर दुसऱ्याच्या पैशांची बेरीज-वजाबाकी आणि संध्याकाळी घरी दोन मुले. छत्तिसाव्या वर्षी नव्याने नोकरी धरावी लागलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना करता येईल.

संध्याकाळी मात्र हा कारकून पत्रा कापायला बसे. मुलांसाठी पूल, मालगाड्या, यारी असे काहीबाही करून देई. पण प्रत्येक नव्या खेळण्यासाठी प्रत्येक भाग नव्याने घडवावा लागे आणि मुलांचे मन भरले की सगळी मेहनत अडगळीत जाई. नाताळच्या सुमारास आगगाडीने जात असताना खिडकीतून एक यारी दिसली आणि पुढचा विचार सुचला, असे सांगतात. सगळे भाग एकाच मापाचे केले आणि ते एकमेकांना नट-बोल्टने जोडता आले तर? पुलाच्या पट्ट्या सोडवून त्यांचीच यारी करता येईल, यारी मोडून तिचीच गाडी होईल.

मग त्याने अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना बरोबर अर्ध्या इंचाच्या अंतराने भोके पाडली. शोध म्हणायचा तो एवढाच. पण हे अंतर सगळीकडे सारखे असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीवर कोणत्याही भोकात बसते. मुलाने काय बनवायचे ते कारखाना ठरवत नाही, मूल ठरवते. पुढे शंभर वर्षे खेळण्याचे रंग बदलले, खोके बदलले, मालक बदलले. ते अर्ध्या इंचाचे अंतर बदलले नाही.

पेटंट घ्यायलाही जवळ पैसे नव्हते. हॉर्नबीने मालकाकडून, म्हणजे एलियटकडून, पाच पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंट नोंदवले. एलियटने आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागा दिली आणि तो भागीदारही झाला. १९०२ मध्ये पहिले संच बाजारात आले. त्यात सोळा प्रकारचे भाग होते आणि सोबतच्या पुस्तिकेत बारा नमुने. लिव्हरपूलच्या इंजिनीअरिंगचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याची भलावण करणारे पत्र दिले, त्याचा विक्रीला उपयोग झाला. तरी १९०३ मध्ये दीड हजार संच खपूनही नफा शून्य! पहिला किरकोळ नफा दिसायला १९०६ उजाडले. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव नोंदवून हॉर्नबीने नोकरी सोडली. त्या वेळी तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. १९०८ मध्ये कंपनी उभी राहिली, तेव्हा एलियट मात्र बाजूला झाला. पाच पौंड देणारा सावकार ऐन भरभराटीच्या उंबरठ्यावरून परतला, ही या कहाणीतली चुटपुट लावणारी गोष्ट.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ हे मुलांचे मासिक सुरू झाले. हे खेळणे केवळ मुलांचे राहिले नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी किचकट समीकरणे सोडवणारे गणकयंत्र बरेचसे मेकॅनोच्याच भागांतून उभे केले होते.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, हॉर्नबीच्या चावीच्या आगगाड्या आल्या. गंमत म्हणजे सुरुवातीची इंजिने आणि डबेही नट-बोल्टने जोडलेले होते. मुलाला ते उघडून पुन्हा बसवता येत. पुढे ती सोय हळूहळू गेली. आगगाडी आली म्हणजे स्टेशन हवे, स्टेशनाबाहेर रस्ता हवा आणि रस्त्यावर वाहने हवीत. म्हणून डिसेंबर १९३३ मध्ये सहा छोट्या वाहनांचा एक संच निघाला: दोन स्पोर्ट्स मोटारी, एक ट्रक, एक माल पोहोचवणारी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा. १९३४ मध्ये या वाहनांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले आणि मूळच्या आगगाड्यांपेक्षा त्यांचेच वेड जास्त पसरले.

आम्हा संग्राहकांच्या दृष्टीने याच सुमाराला एक मोठी गोष्ट घडली. हॉर्नबीच्या आगगाड्यांचे माप खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर असे होते, म्हणजे मूळ वस्तूच्या साधारण त्रेचाळीसावा हिस्सा. पुढे डिंकीच्या मोटारीही त्याच मापाच्या आसपास स्थिरावल्या. आज जगभर छोट्या मोटारींसाठी १:४३ हे जे लाडके प्रमाण आहे, ते असे रुळांवरून रस्त्यावर आलेले आहे. या मापात आपली चौदा फुटी अँबेसेडर जेमतेम दहा सेंटिमीटरची होते.

पण माझ्या मनात इथेच एक खटका बसतो. डिंकी मोटार साच्यात ओतून अखंड काढलेली. तिच्यात सोडवण्यासारखे, जोडण्यासारखे काही नाही. जन्मभर मुलांच्या हाती सुटे भाग देणाऱ्या माणसाच्या कारखान्यातूनच हे पुरते तयार खेळणे निघाले आणि खेळणाऱ्यांबरोबर जमवणारेही तयार झाले. आज लिलावात जुन्या डिंकी गाडीला हजारो पौंड मिळू शकतात; त्यातही मूळ खोक्यासह, कोणी न हाताळलेली गाडी असेल तर अधिक. जिच्याशी कोणी खेळले नाही, ती सर्वांत मौल्यवान!

नियतीने त्यावर आपले भाष्य केलेले आहे. महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या होत्या आणि त्या धातूत शिशासारखी अशुद्धी अंशमात्र मिसळली असली तरी वर्षानुवर्षांनी तो आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. कपाटात जपून ठेवलेली गाडी अशी जागच्या जागी खचते. पोलादी पट्ट्या गंजल्या तरी घासूनपुसून पुन्हा बोल्ट घेतात.

हॉर्नबी १९३१ मध्ये एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून गेला, १९३५ पर्यंत खासदार राहिला. त्याने अमाप पैसा पाहिला. हृदयविकार आणि मधुमेहाने २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचे निधन झाले. मुलगा रोलंड याने गादी चालवली, पण १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. पुढे ती एअरफिक्स या प्लॅस्टिकचे किट बनवणाऱ्या कंपनीकडे आली आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. चक्र मात्र फिरत राहिले: २००६ मध्ये हॉर्नबीचे नाव लावणाऱ्या कंपनीनेच एअरफिक्स विकत घेतली.

आपल्या देशालाही या वारशाचा स्पर्श झाला. डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘निकी टॉइज’ या नावाने तिथे गाड्या निघाल्या. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये खुले केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा छंद केवढा पसारा मांडू शकतो हे सांगायला नको.

आमच्या जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर खोक्यातले किट विकत घेणारे घर विरळाच. पण ज्वारीचा धांडा सोलून आतल्या मऊ गराची चाके, सालाच्या काड्यांचे आस आणि वर बैलगाडी असा थाट खानदेशातल्या पोरांना कोणी शिकवावा लागला नाही. फाटक्या चपलेच्या रबराची चाके कापून तारेची मोटार पळवणारी मुलेही आपण पाहिली आहेत. गाडी मोडली की त्याच काड्यांचे दुसरे काही करायचे, ही त्यांची रीत. हॉर्नबीने पेटंट घेतले ते नेमके याच रीतीचे. फक्त तिला त्याने माप दिले आणि भोके पाडली.

माझ्या कपाटातल्या गाड्या मला प्रिय आहेत, त्या मी कोणाला सहसा हात लावू देत नाही. पण घरात लहान मूल असलेल्या कोणी सल्ला विचारला, तर मी तयार मोटार सुचवत नाही. चार पट्ट्या, दहा नट-बोल्ट आणि एक पाना द्या, असे सांगतो. त्यातून झालेली गाडी वाकडी असेल, चाके डगमगतील. पण ती त्या मुलाची असेल, आणि उद्या तिचा पूल होऊ शकेल.