विश्लेषण : ‘टायटॅनिक’च्या मृतांना ओळख मिळवून देणारे जॉन बार्नस्टेड कोण होते?

‘टायटॅनिक’ १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाले आणि सुमारे १५०० जणांना जलसमाधी मिळाली. वाचलेले प्रवासी न्यू यॉर्कला पोहोचले. मृतदेह मात्र कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात आणायचे ठरले. देशोदेशीच्या, काही दिवस समुद्रात राहिलेल्या शेकडो मृतदेहांची ओळख पटवायची कशी? याचे उत्तर एका नोंदणी अधिकाऱ्याने शोधले.

बार्नस्टेड कोण होते?

जॉन हेन्री बार्नस्टेड (१८४५-१९३९) हे ना डॉक्टर होते, ना पोलीस. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. दुर्घटना घडली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मृतदेह आणि त्यासोबतची वस्तू यांची एकदा ताटातूट झाली, की ओळखीचा धागा तुटतो, हे त्यांनी नेमके हेरले.

त्यांची पद्धत काय होती?

मृतदेह पाण्याबाहेर काढताच त्याला क्रमांक द्यायचा. खिशातील कागद, घड्याळ, अंगठी अशा सगळ्या वस्तू त्याच क्रमांकाच्या कापडी पिशवीत ठेवायच्या. अंदाजे वय, उंची, केसांचा रंग, कपडे, गोंदण, व्रण यांची नोंद वहीत त्याच क्रमांकापुढे करायची. शोधकार्यासाठी निघालेल्या ‘मॅके-बेनेट’ जहाजावर या पद्धतीने काम झाले.

या जहाजाला ३०६ मृतदेह सापडले. त्यांपैकी ११६ जणांचे दफन समुद्रातच करावे लागले. पण मृतदेह समुद्रात सोडला तरी त्याची नोंद आणि वस्तू बंदरात पोहोचल्या. त्यामुळे ज्यांना अंत्यदर्शनही घेता आले नाही, अशा काही कुटुंबांना निदान आपला माणूस सापडला होता, एवढे तरी कळले. हॅलिफॅक्समध्ये बर्फावरील खेळांच्या एका सभागृहात तात्पुरते शवागृह उभारून नातेवाइकांकडून ओळख पटवण्यात आली.

मग चुका झाल्या नाहीत का?

झाल्या. मिशेल नवरातिल नावाचे प्रवासी ‘हॉफमन’ या खोट्या नावाने प्रवास करत होते. ते कॅथलिक होते. पण त्या नावामुळे त्यांचे दफन ज्यूंच्या दफनभूमीत झाले. केवळ कागद आणि वस्तूंवर विसंबले तर काय होते, याचे हे उदाहरण.

पद्धतीची खरी कसोटी कधी लागली?

पाचच वर्षांनी. ६ डिसेंबर १९१७ रोजी स्फोटकांनी भरलेले ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज ‘इमो’ या नॉर्वेच्या जहाजाला धडकले. स्फोटात हॅलिफॅक्सचा उत्तर भाग जमीनदोस्त झाला. जवळपास २००० जण मरण पावले. या वेळी मृत बाहेरचे नव्हते, शहरातीलच होते. शवागृहाची जबाबदारी बार्नस्टेड यांचे पुत्र आर्थर यांच्याकडे आली. एका शाळेत शवागृह सुरू झाले आणि वडिलांचीच पद्धत वापरली गेली. हाहाकारात नवी व्यवस्था शोधत बसावे लागले नाही.

आज त्याचे महत्त्व काय?

इंटरपोलच्या आजच्या कार्यपद्धतीतही प्रत्येक मृतदेहाला स्वतंत्र क्रमांक असतो. मृतदेहाची माहिती एका अर्जात आणि बेपत्ता व्यक्तीची माहिती दुसऱ्या अर्जात भरून दोन्ही ताडून पाहतात. ओळखीसाठी बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांना प्राधान्य असते. बार्नस्टेड यांच्या वेळी डीएनए चाचणी नव्हती. तरीही ‘टायटॅनिक’च्या क्रमांक ४ च्या मृतदेहाची गोष्ट बोलकी आहे. तो एका तान्ह्या मुलाचा होता आणि अनेक दशके त्याच्या थडग्यावर नाव नव्हते. डीएनए चाचणीत आधी चुकीचे नाव पुढे आले. एका पोलिसाने जपून ठेवलेले त्या मुलाचे इवलेसे बूट त्या वयाशी जुळेनात, म्हणून पुन्हा तपास झाला. २००७ मध्ये तो १९ महिन्यांचा सिडनी गुडविन असल्याचे स्पष्ट झाले.

आपत्तीची पूर्वतयारी म्हटले की प्रयोगशाळा आणि यंत्रे डोळ्यांसमोर येतात. पण पहिल्याच तासात क्रमांक चुकला, तर पुढची कोणतीही चाचणी गोंधळ वाढवते. म्हणूनच पथकांच्या सरावात नोंद ठेवणारा माणूस डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा ठरतो.