शाळेत सॅटेलाइट टीव्ही आणायचं ठरवलं साराभाईंनी, पण तो बघायला तेच राहिले नाहीत

विक्रम साराभाई म्हटलं की आपल्याला रॉकेट आठवतं, थुंबा आठवतं, इस्रो आठवते. पण या माणसाला उपग्रह हवा होता तो मुख्यतः गावातल्या माणसांसाठी आणि शाळेतल्या पोरांसाठी. हे फारसं कुणी सांगत नाही.

१२ ऑगस्ट १९१९ ला अहमदाबादच्या गिरणीमालक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई सरलादेवींनी आपल्या आठ मुलांसाठी घरातच शाळा काढली होती, माँटेसरी पद्धतीची. तिथं पाठांतरापेक्षा हाताने करून बघण्यावर भर. विक्रमना तर घरी स्वतःचं वर्कशॉपच मिळालं होतं. अशी शाळा किती मुलांच्या नशिबी असते?

पुढं केंब्रिज, महायुद्धामुळे परतल्यावर बंगळुरूत सी. व्ही. रमण यांच्या हाताखाली वैश्विक किरणांवर संशोधन, १९४७ मध्ये पीएचडी आणि त्याच वर्षी अहमदाबादला फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं.

तेव्हा प्रश्न विचारला जायचाच, की जिथं लोकांना पोटभर अन्न नाही तिथं अवकाश संशोधन कशाला?

साराभाईंचा हिशोब वेगळा होता. १९६० च्या दशकात देशात टीव्ही केंद्र होतं एकच, दिल्लीत. मुंबई दूरदर्शनसुद्धा १९७२ मध्ये सुरू झालं. एकेक मनोरा उभारत खेड्यापर्यंत पोहोचायचं तर कित्येक वर्षं जाणार. पण उपग्रह वर असला की दिल्ली काय आणि ओडिशातलं आडगाव काय, त्याला सगळं सारखंच. मग जिथं चांगला शिक्षक पोहोचत नाही, तिथं निदान चांगला धडा तरी पोहोचेल.

अडचण एकच. भारताकडे उपग्रहच नव्हता.

म्हणून त्यांनी अमेरिकेकडून तो वर्षभरासाठी उसना घ्यायचं ठरवलं. १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. उपग्रह अमेरिकेचा, जमिनीवरची यंत्रणा, टीव्ही संच आणि कार्यक्रम भारताचे. ही अट महत्त्वाची होती, कारण काम शिकायचं तर आपल्याच इंजिनिअरांनी शिकायला हवं होतं.

आणि ३० डिसेंबर १९७१ ला कोवळमला साराभाई गेले. वय फक्त ५२.

काम थांबलं नाही. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरची धुरा यश पाल यांच्याकडे होती आणि प्रयोगाचे प्रोग्रॅम मॅनेजर होते साराभाईंचे जुने सहकारी एकनाथ चिटणीस, मूळचे कोल्हापूरचे. १ ऑगस्ट १९७५ ला 'साइट' सुरू झालं. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक, या ६ राज्यांतली सुमारे २,४०० गावं. गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची १० फुटी छत्री आणि एक टीव्ही. जिथं वीज नाही तिथं बॅटरी.

सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन. हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड अशा चार भाषांत सकाळची वेळ वाटलेली, म्हणजे एका भाषेच्या वाट्याला जेमतेम २२ मिनिटं. मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांचं काम इस्रोनं मुंबईच्या स्टुडिओत केलं. सुट्ट्यांत याच टीव्हीवरून हजारो प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षणही दिलं गेलं. शिक्षकाला बाजूला सारून टीव्ही आणायचा नव्हता, हे यातून दिसतं. आजच्या स्मार्ट बोर्डच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं.

त्या काळात लेखक आर्थर सी. क्लार्क कोलंबोत राहायचे. इस्रोच्या लोकांनी त्यांच्याही घरी अशी छत्री बसवून दिली होती. उपग्रहांमार्फत जगभर संदेश पाठवता येतील, हे त्यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं ना!

३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि अमेरिकेनं उपग्रह परत नेला. पुढं त्यातल्या काही गावांसाठी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. बाकीच्या शाळांतले टीव्ही मात्र आकाशातून काही येईना म्हणून गप्प झाले. भारताचा स्वतःचा इन्सॅट-१बी वर जायला १९८३ उजाडलं आणि खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट त्यानंतर २१ वर्षांनी, २००४ मध्ये गेला.