मासेमारीच्या परवान्यावर महासागर कापणारे कप्तान स्लोकम

एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी, अशी कप्तान जोशुआ स्लोकम यांची ओळख आहे. १८९५ ते १८९८ या काळातील त्या सफरीआधी ब्राझीलमध्ये त्यांची कठोर परीक्षा झाली होती.

कॅनडातील नोव्हा स्कोशियात १८४४ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेल्या स्लोकम यांचे ‘अ‍ॅक्विडनेक’ हे मालवाहू जहाज डिसेंबर १८८७ मध्ये पारानाग्वा उपसागरात वाळूच्या पट्ट्यावर रुतून निकामी झाले. भग्न जहाज विकून त्यांनी खलाशांचे वेतन चुकते केले. मात्र पत्नी हेट्टी व दोन मुलांसह इतरांच्या दयेवर मायदेशी परतणे त्यांना मान्य नव्हते. वाचलेले साहित्य आणि स्थानिक लाकूड वापरून त्यांनी ३५ फुटी नौका बांधली. शिडे हेट्टी यांनी शिवली. १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली त्याच दिवशी, नौका पाण्यात उतरली. तिचे नाव ‘लिबरदादे’, म्हणजेच स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले.

आता प्रश्न होता कागदपत्रांचा. स्वतः बांधलेल्या, जहाज म्हणून नोंद नसलेल्या या नौकेला परदेशी जाण्याची रीतसर परवानगी मिळेना. अखेर स्लोकम यांनी बंदराच्या आत व बाहेर मासेमारी करण्याचा परवाना मिळवला. बाहेर म्हणजे किती दूर, हे अधिकाऱ्यानेही निश्चित केले नाही.

त्याच परवान्यावर २४ जून रोजी कुटुंब निघाले आणि सुमारे साडेपाच हजार मैलांचा प्रवास करून डिसेंबरअखेर वॉशिंग्टनला सुखरूप पोहोचले. नौकेच्या मजबुतीचा दाखला अखेर समुद्रानेच दिला.

पुढे उतारवयात ‘स्प्रे’ या नौकेतून एकटेच निघालेले स्लोकम परतले नाहीत.