डॉ. हाफकिन आणि एकोणीस मृत्यू

जून २०२० मध्ये आमच्या न्यू जर्सी राज्याने मृत्यूंचे दाखले तपासून १,८५४ संभाव्य करोना-मृत्यू नव्याने जाहीर केले. जर्सी सिटीत ही बातमी वाचताना आम्हांस डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची आठवण झाली. परळच्या संस्थेमुळे हे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहेच.

ओडेसा येथे १८६० साली यहुदी कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ १८९६ च्या ऑक्टोबरात प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर, आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. पण नोंदी काय सांगत होत्या? एकोणीसही जणांस एकाच बाटलीतील लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांतील लस घेतलेले सुखरूप राहिले. ती बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हे सारे कागदावर असूनही निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडावे लागले, तेही रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांची बाजू मांडल्यावर. कित्येकांना तेव्हा ड्रायफस प्रकरण आठवले, ते उगीच नव्हे.

हाफकिन हिंदुस्थानात परतले ते कलकत्त्यास. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली दिले गेले. १९३० साली ते लोझान येथे निवर्तले.