सुमंत मुळगावकर : मालमोटारीमागचा माणूस

जोयड्याच्या बाजारात सकाळी क्षणभर थांबले, तरी मालाने भरलेल्या पिकअप गाड्या दृष्टीस पडतात. कुणात सुपारीची पोती, कुणात कुणबी बांधवांनी पिकविलेली कंदमुळे, कुणात घरबांधणीचे चिरे. जुने सुपा काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, माणसे पांगली; या विखुरलेल्या वस्त्यांना आज याच गाड्या बाजाराशी जोडतात. अणशीचा घाट त्या लीलया चढतात, कारण त्यांच्या इंजिनाला टर्बोची जोड असते. ही गाडी आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून घडावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या सुमंत मुळगावकरांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

मुळगावकरांचा जन्म १९०६ साली मुंबईत झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि पुढे ए. सी. सी. या सिमेंट कंपनीत रुजू झाले. महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली, तेव्हा ती येथेच घडविण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९४७ मध्ये चाईबासा येथे संपूर्ण देशी यंत्रसामग्रीचा कारखाना ए. सी. सी. ने उभारला. जे. आर. डी. टाटांनी हा माणूस हेरला आणि १९४९ मध्ये त्यांना टेल्कोत आणले.

जमशेदपूरची टेल्को त्या वेळी रेल्वेची वाफेची इंजिने बनवीत असे. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार होऊन तेथे मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये करार संपला. परदेशी कंपनीचा हात सुटल्यावर आपले कसे होणार, हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. पण मुळगावकरांनी त्याची तयारी आधीच करून ठेवली होती. १९६६ मध्येच कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले होते.

पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या उजाड माळावर त्यांनी नवा कारखाना उभारला. त्यांचा क्रम मात्र वेगळा होता. गाडी काढण्याची घाई न करता त्यांनी प्रथम यंत्रे आणि साचे बनविणारा विभाग काढला, शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षणाची सोय केली आणि माळावर हजारो झाडे लावली, तळे केले. पुण्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ मध्ये! आधी हात तयार करावेत, मग हत्यारे आणि शेवटी माल, ही त्यांची रीत होती.

या रीतीची खरी कसोटी १९८० नंतर लागली. हलक्या मालमोटारींसाठी टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी अशा चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह बाजारात उतरल्या. टेल्कोने कुणाचेही साहाय्य न घेता आपल्याच आराखड्यावर '४०७' ही गाडी १९८६ मध्ये आणली आणि ती देशभर लोकप्रिय झाली. १९८८ मध्ये टाटामोबिल ही पिकअप आली. दुसऱ्याच वर्षी मुळगावकरांचे निधन झाले.

दुपारच्या जेवणाला ते हमरस्त्यावरील ढाब्यावर जात आणि ट्रकचालकांकडून गाडीच्या खोडी ऐकून घेत, अशी एक आठवण सांगतात. १९९४ मध्ये आलेल्या 'सुमो' गाडीच्या नावात त्यांच्याच नावाची आद्याक्षरे आहेत. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी भारतात रक्तपेढीच्या कार्याचा पाया घातला. त्याबद्दल त्यांना १९६३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता टर्बोविषयी थोडेसे. इंधन जाळण्यास हवा लागते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र जास्तीची हवा इंजिनात कोंबते. त्यामुळे लहान इंजिनही मोठ्याचे काम करते. मात्र हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. घडणीत केसाएवढी चूक झाली तरी तो टिकत नाही. सुरुवातीच्या ४०७ ला टर्बो नव्हता, तो पुढे आला. पण असले काम झेलणारी अचूक हत्यारे आणि तरबेज हात एका दिवसात तयार होत नाहीत. मुळगावकरांनी माळावर जे पेरले, ते इथे उपयोगी पडले.

आता विजेवर चालणाऱ्या मालगाड्याही रस्त्यावर आल्या आहेत. उद्या पिकअपमध्ये टर्बो राहील की बॅटरी येईल, हे काळ ठरवील. परंतु ती गाडी आपण नुसती विकत घेणार की घडविणार, हे मात्र आज वर्गात आणि कर्मशाळेत बसलेल्या मुलांवर अवलंबून आहे. आपल्या तालुक्याने धरणासाठी गाव दिले, साऱ्या राज्याला वीज दिली. त्याच तालुक्यातील मुलामुलींनी गाडीच्या हौद्यात माल चढविण्यावरच समाधान मानू नये. बॉनेट उघडून आतले यंत्र समजून घ्यावे. मुळगावकरांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग दुसरा नाही.