अंगठ्यावरची जखम

बँकेत पहिल्याच वर्षी एक धडा मिळतो. संध्याकाळी हिशेब जुळवताना रुपयाचा जरी फरक आला, तरी तो सापडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. आज रुपयाएवढा दिसणारा घोळ उद्या केवढा निघेल, याचा नेम नसतो. बॉब मार्लेचं आयुष्य वाचताना मला हा धडा पुन:पुन्हा आठवत राहिला.

जमैकातल्या नाइन माइल या डोंगराळ खेड्यात ६ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याचा जन्म झाला. वडील गोरे, वयस्क. आई सेडेला कृष्णवर्णीय, जेमतेम अठरा वर्षांची. वडिलांचा सहवास त्याला फारसा लाभलाच नाही. पुढे मायलेकरं किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत आली. पोटासाठी तो वेल्डिंग शिकला, पण मन गाण्यात होतं. १९६३ साली मित्रांबरोबर त्याने ‘वेलर्स’ हा चमू उभा केला आणि पुढे जमैकाचं रेगे संगीत जगभर पोचवलं.

गाण्याइतकंच वेड फुटबॉलचं. १९७७ साली खेळताना उजव्या पायाच्या अंगठ्याला मार बसला. जखम भरेना. खेळातली दुखापत समजून ती अंगावर काढली गेली. अखेर तपासणीत नखाखाली मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा अतिशय घातक प्रकार, निघाला. अंगठा काढण्याचा सल्ला त्याने नाकारला. तो रास्ताफारी पंथाचा. शरीर कापू नये अशी त्याची श्रद्धा होती. मग नख व त्याखालचा भाग काढून त्वचारोपण करण्यात आलं.

नंतरची तीन वर्षं कीर्तीची गेली. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो गायला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना कोसळला, तेव्हा रोग मेंदूपर्यंत पोचला होता. तरीही दोन दिवसांनी, २३ तारखेला, पिट्सबर्गला तो उभा राहून गायला. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम. जर्मनीत उपचार झाले. गुण आला नाही. मायदेशी परतताना वाटेत मायामीला ११ मे १९८१ रोजी त्याने देह ठेवला. वय अवघं ३६.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात दूरदर्शनवर एक कार्टूनमधला समुद्रपक्षी नाचत नाचत सांगू लागला : शर्ट घाला, मलम लावा, टोपी चढवा. उन्हापासून त्वचा जपण्याची ही मोहीम जगभर गाजली. गोऱ्या कातडीच्या त्या देशाला ती हवीच होती. मार्लेला मात्र तिचा उपयोग झाला नसता. तळपाय, तळहात आणि नखाखाली होणाऱ्या मेलानोमाचा दोष उन्हाला फारसा देता येत नाही. फुटबॉलच्या मारानेही तो झाला असं सिद्ध नाही. त्या मारामुळे खरं दुखणं झाकलं गेलं, एवढंच.

आपल्याकडे मेलानोमा विरळा. पण सावळ्या माणसाला तो होतो, तेव्हा बरेचदा याच जागा निवडतो. नखावरची रुंदावत जाणारी काळी रेघ, नखालगतच्या कातडीवर पसरणारा काळेपणा, तळपायावरचा आकार-रंग बदलणारा डाग, न भरणारी जखम : यांपैकी काही दिसलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. प्रत्येक डाग कर्करोग नसतो, पण ते ठरवणं आपलं काम नव्हे. वेळीच सापडला, तर छोट्या शस्त्रक्रियेवर निभावतं.

घरातल्या आजी-आजोबांना स्वत:चे तळपाय नीट दिसत नाहीत. नातवंडांनी नमस्काराला वाकावं, तेव्हा तेही एकदा पाहून घ्यावेत.